गावपळणीतला दिवा

गुरुवारी संध्याकाळी सात वाजता आमच्या पडवीतला दिवा लागला. त्या वेळी गावात कोणीही नव्हतं.

कोणीही म्हणजे खरोखरच कोणीही. कोंडसरीची त्रेसष्ट घरं, आम्ही चौघं धरून दोनशे अडतीस माणसं, त्यांची गुरं, कुत्री, मांजरं आणि कोंबड्या सकाळपासून व्हाळाच्या म्हणजे ओढ्याच्या अलीकडे, शिवेबाहेरच्या माळावर आली होती आणि माडाच्या झापांच्या खोपी बांधून राहिली होती. दक्षिण कोकणातल्या काही गावांत ही प्रथा आहे. तिला गावपळण म्हणतात. कोंडसरीत ती तीन वर्षांनी एकदा, मार्गशीर्षात येते. तीन रात्री गाव रिकामं करून देवाच्या ताब्यात द्यायचं. त्या काळात गावात माणसाची चाहूल नको, चूल नको, केरसुणीचा आवाज नको आणि उजेड नको. चौथ्या दिवशी सकाळी शिवेवरच्या पाषाणापाशी गुरव देवाला कौल लावतो. देव हो म्हणाला तर घरी जायचं. नाही म्हणाला तर आणखी एक रात्र माळावर.

आमचं भाड्याचं घर पलीकडच्या उतारावर, गावाच्या अगदी कडेला. माळावरून गावातलं दुसरं काही दिसो न दिसो, आमची पडवी दिसते. पुण्याहून इथे राहायला आलो तेव्हा मी सगळ्या मित्रांना फोटोसह कळवलं होतं की समोर नजर अडवणारं काहीही नाही. ते आता सिद्ध झालं.

"खयचो दिवो तो?" खोपींच्या बाजूने कोणीतरी विचारलं.

"शाळेचो आसतलो."

"शाळेक दिवो कदी होतो रे मेल्या?"

दोनशे अडतीस माणसं एकाच वेळी गप्प बसलेली मी त्याआधी फक्त श्रद्धांजलीच्या सभेत पाहिली होती, आणि तिथेही मागच्या रांगेत कुजबुज असते.

माझी मुलगी रेणू शेजारी उभी होती. वय सात. तिने दिव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा काढला आणि पुसू लागलो.

तो दिवा कसा लागला हे त्या माळावर दोघांनाच माहीत होतं, असं मी धरून चाललो होतो. दिवाळीत आम्ही चार दिवस पुण्याला गेलो, तेव्हा चोरांना घरात माणसं आहेत असं वाटावं म्हणून मी पडवीतल्या प्लगला एक टायमर लावला होता. गोल तबकडीचा, कडेने बारीक खुंट्या असलेला. सातला लागायचा, अकराला विझायचा. खुंट्या माझ्या बोटांना दाबल्या जात नव्हत्या, म्हणून त्या रेणूने दाबल्या. दिवाळीनंतर तो काढायचा राहिला. रोज सातला आपोआप उजेड पडू लागला आणि आम्हाला त्याची सवय झाली.

आणि तरीही मी यादी केली होती. पुण्यातल्या एका दैनिकात चौदा वर्षं रात्रपाळीचा उपसंपादक होतो. पहिल्या पानावर चूक गेली तर सकाळी कोणाचा फोन येतो, हे माहीत असलेला माणूस यादीशिवाय घर सोडत नाही. गावचे मानकरी वामनतात्या गावपळणीचे नियम सांगायला पडवीत आले, तेव्हा मी वही घेऊन बसलो होतो.

"दिवो नको, आग नको, केर काडूचो नाय," तात्या म्हणाले. "कुत्रो, मांजार मागे ठेवूचा नाय."

"फ्रिज?"

"फ्रीज बंद."

"आत दही असेल तर?"

"दही घेवन येवा."

"आणि भिंतीवरचं घड्याळ? त्याची टिकटिक ऐकू येते."

तात्यांनी माझ्या वहीत डोकावून पाहिलं. "घड्याळ चलात," ते म्हणाले. "पेपरवाल्यानू, इतक्या कशाक? निघताना मेन स्वीच खाली करा, झाला."

"नाही तात्या. मी प्रत्येक बटण वेगळं तपासणार."

एक्केचाळीस बटणं, नळ, कड्या आणि डबे मी तपासले. प्रत्येकापुढे बरोबरची खूण केली. मेन स्विचला हात लावला नाही, कारण ती आळशी माणसाची पद्धत. पडवीतला प्लग छत्र्यांच्या मागे होता.

"तूच ना?" रात्री जेवताना शलाकाने हळूच विचारलं. शलाका माझी बायको.

"टायमर."

"काढला नाहीस?"

"यादीत नव्हता."

"यादी कोणी केली होती?"

मी भाताकडे पाहिलं.

"आत्ता जा आणि तात्यांना सांग."

"आत्ता सगळे वैतागलेत. सकाळी सांगतो. नीट शब्दांत सांगतो."

नीट शब्दांत! आमच्या दैनिकात चूक दुरुस्त करायची असेल तर तिला खुलासा म्हणत. तो सातव्या पानावर, खाली, निविदांच्या शेजारी जाई, आणि त्यात चूक कोणाची हे कधीच कळत नसे. "अनवधानाने", "तांत्रिक कारणामुळे" हे शब्द मी शेकडो वेळा लिहिले होते. झापाखाली पडून मी मनात तसाच एक खुलासा तयार केला. अकरा वाजता दिवा विझला. मी घड्याळात पाहिलं. टायमर एका मिनिटानेही चुकला नव्हता.

इथे सांगायला हवं की आमच्या कोंडसरीतल्या वास्तव्याची मुदत एकतीस डिसेंबरला संपत होती. ती शलाकाने घातली होती आणि कारण रेणू होती.

गावात यायची कल्पना माझी. मुलांना माती कळावी, झाडं कळावीत वगैरे. मी नोकरी सोडली. शलाकाने फिजिओथेरपीचा चालता व्यवसाय बंद केला. मुलांना कोणी विचारलं नाही. धाकटा अमोघ चार वर्षांचा होता. तो आठवड्याभरात चिखलात लोळू लागला आणि माझी कल्पना बरोबर होती असं मला वाटू लागलं. रेणू घरात पूर्वीसारखीच भरभरून बोलायची. पण जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि उंबऱ्याबाहेर तिने तोंड उघडणं बंद केलं. गुरुजींशी नाही, मुलांशी नाही, दुकानात नाही. "लिहिते सगळं, गणितं चोख करते, पण बोलत नाही," गुरुजी म्हणाले. पुण्याच्या समुपदेशक बाईंनी फोनवर सांगितलं, मागे लागू नका. मी मागे लागलो. प्रत्येक माणसासमोर "बोल ना रेणू, काय म्हणतात काका?" असं म्हणत राहिलो. ती जमिनीकडे पाहायची.

"एकतीस डिसेंबरपर्यंत वाट बघू," शलाका म्हणाली होती. "ती बोलली नाही तर परत. मी चर्चा करणार नाही."

त्याच सहा महिन्यांत मी माझ्या जुन्या दैनिकात 'अंगणातून' नावाचं पाक्षिक सदर लिहीत होतो. विषय, गावात आलेल्या शहरी मुलांचं फुलणं. ऑगस्टमध्ये मी लिहिलं होतं, "माझी लेक आता पाखरांची भाषा बोलू लागली आहे." त्या लेखाला सर्वाधिक पत्रं आली. शलाकाने तो वाचला, घडी घातली आणि फडताळात डब्यांखाली अंथरला.

शुक्रवारी सकाळी खुलासा घेऊन मी तात्यांच्या खोपीकडे गेलो. तिथे आठ-दहा माणसं आधीच बसली होती आणि दिव्याचीच गजाल चालली होती.

"देवचार फिरता," एकजण म्हणाला. देवचार म्हणजे गावाची राखण करणारा. तो हातात पेटती चूड घेऊन फिरतो अशी समजूत आहे.

"देवचाराची चूड तांबडी. ह्यो पांढरो होतो."

"आता देवचारानव ट्यूब घेतल्यान आसतली."

सगळे हसले. तात्या हसले नाहीत. ते सुपारी कातरत होते. कातरता कातरता म्हणाले, "पेपरवाल्यानू, तुमी शिकललो माणूस. तुमका काय वाटता?"

इतका सरळ प्रश्न मला आयुष्यात फार कमी वेळा विचारला गेला आहे. उत्तर दोन शब्दांचं होतं. मी म्हणालो, "वस्तुस्थिती तपासल्याशिवाय काही सांगता येणार नाही."

"ता खरा," तात्या म्हणाले आणि सुपारी पुढे केली.

मी सुपारी घेतली. मागे वळलो तर रेणू उभी होती. तिच्या डोक्यावर टोपली होती आणि टोपलीत सगुणाकाकींची कोंबडी.

सगुणाकाकी आमच्या शेजारीण. त्यांच्या आणि आमच्या घरात तीस पावलांचं अंतर. मी मोजलं होतं, सदरासाठी. वय साठीच्या पुढे, एकट्या, आणि अखंड बोलणाऱ्या. त्यांची कोंबडी नेमकी तेव्हाच अंडी उबवायला खुडूक बसली होती. काकींनी तिला अंड्यांसकट टोपलीत घालून माळावर आणलं होतं आणि टोपली सांभाळायचं काम रेणूला दिलं होतं. दोघी कायम बरोबर असत. काकी बोलत, रेणू टोपली धरी. मला वाटायचं, बरं आहे, एकीला कान मिळाला आणि दुसरीला तोंड उघडावं लागत नाही.

"सांगितलंस?" शलाकाने विचारलं.

"गर्दी होती."

"गर्दी उद्याही असेल. अख्खं गाव इथे आहे."

शुक्रवारी सातला दिवा लागला. या वेळी कोणी "खयचो" असंही विचारलं नाही. बायका फुगड्या घालत होत्या, त्या थांबल्या आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाल्या. आमच्या शेजारच्या खोपीत एक बाळंतीण होती. बाळ दहा दिवसांचं. तिची सासू पदराने बाळाचं डोकं झाकून मोठ्याने, कोणालाही उद्देशून न म्हणता म्हणाली, "आयतवारी देव सोडीत तर बरा. थंडी वाडली."

ते वाक्य मला लागलं, हे मी नोंदवून ठेवतो. तरी मी उठलो नाही, हेही.

गुपचूप जाऊन बटण बंद करावं, असं मनात आलं नव्हतं असं नाही. व्हाळ गुडघाभर, पलीकडे चढ, जाऊन येऊन वीस मिनिटं. पण शिवेवर माणसं बसलेली असत. दिवा चालू ठेवणं ही चूक होती. गावपळणीत गावात पाऊल टाकणं हा पहिल्या पानावरचा गुन्हा झाला असता. आणि शिवाय मी त्या गावात मुलांना घेऊन राहायला आलो होतो. निदान एकतीस डिसेंबरपर्यंत.

शनिवारी मी दोनदा तात्यांकडे गेलो. एकदा ते झोपले होते. दुसऱ्यांदा जागे होते, तेव्हा मी त्यांना हवामानाबद्दल विचारलं. सातला दिवा लागला. अमोघ टाळ्या वाजवून ओरडला, "आपला दिवा!" मी त्याच्या तोंडात बिस्कीट कोंबलं.

शलाका माझ्याशी बोलायची थांबली. घरात आता बाहेर न बोलणारी एक आणि आत न बोलणारी एक अशा दोघी झाल्या. खोप एवढीशी होती म्हणून ते जास्त जाणवलं.

रविवारी सकाळी साडेआठला कौल. शिवेवरच्या पाषाणाला गुरवाने पाणी घातलं आणि भिजवलेले तांदळाचे दाणे उजवीकडे आणि डावीकडे चिकटवले. उजवा दाणा आधी पडला तर देवाचा हो, डावा पडला तर नाही. सगळं गाव गोल करून उभं होतं. सामान बांधलेलं होतं. गुरं सोडून तयार ठेवली होती. बाळंतीण बाळाला छातीशी धरून पुढे उभी होती. तिला आधी वाट द्यायचं ठरलं होतं.

मी वैज्ञानिक दृष्टिकोनाचा माणूस. ओला तांदूळ वाळला की पडतो. कोणत्या बाजूला ऊन आहे ते मी पाहून ठेवलं होतं. उजव्या बाजूला होतं.

डावा दाणा पडला.

बाळंतिणीच्या सासूने फक्त "देवा म्हाराजा" म्हटलं आणि सुनेच्या खांद्यावर हात ठेवला. तात्या पुढे आले. त्यांनी हात जोडले आणि गावाकडे तोंड केलं.

"कोणाच्या हातसून काय चुकला-माकला आसात, तर आता देवासमोर सांगा," ते म्हणाले. "मनात ठेवू नकात."

शिवेवर वारा होता. मी माझ्या चपलांकडे पाहत होतो. डाव्या चपलेचा अंगठा सुटत आला होता. तो शिवून घ्यायला हवा, असा विचार मी अतिशय एकाग्रतेने करत होतो. "अनवधानाने" हा शब्द ओठांपर्यंत आला होता, आणि "तांत्रिक" हा त्याच्या मागे रांगेत उभा होता.

"दिवो आमचो आसा."

आवाज खालून आला. स्पष्ट, जरा घोगरा. मला आधी वाटलं, गावातलं कोणाचं तरी मूल.

"बाबान टायमर लावल्यान," रेणू म्हणाली. कोंबडीची टोपली तिच्या डोक्यावर होती आणि दोन्ही हात वर होते. "खुंटयो मी दाबलंय. निघताना काडूक इसारलो. तो सांगतलो होतो, पण तेका भंय वाटता."

तिथे दोनशे अडतीस माणसं उभी होती आणि माझ्या आयुष्याचं सर्वात अचूक वार्तांकन सात वर्षांच्या मुलीने पाच वाक्यांत केलं. मालवणीत. एकही चूक न करता.

शलाकाने दोन्ही हात तोंडावर ठेवले. मी पुढे झालो. काय बोललो ते मला आठवत नाही. शलाका सांगते, मी "खुलासा असा की" अशी सुरुवात केली होती.

"ऱ्हवांदे," तात्या म्हणाले. "चेडवान सांगल्यान ता बास झाला."

"तात्या, मी पहिल्याच दिवशी येणार होतो..."

"आमका पयल्याच सांजेक कळला. आमी काय आंधळे? पांढरो दिवो कोंडसरीत एकच, तो तुमच्या पडवीत."

"मग मला विचारलं का नाही?"

"इचारलंय नाय? तुमी म्हटलास, वस्तुस्थिती तपासतंय." तात्यांनी आजूबाजूला पाहिलं. "मग आमी म्हटला, तपासांदेत. माणूस रोज खोपीर येता, सुपारी खाता आणि परत जाता. बघूया कदी तपासून होता."

मग जे हसू उसळलं ते तीन दिवस दाबून ठेवलेलं असावं. बाळंतीणही हसली. गुरव पाषाणाकडे पाठ करून हसला. मीही हसलो. नाही तर दुसरं काय करता आलं असतं, ते मला आजही सुचलेलं नाही.

शलाका मात्र रेणूपुढे गुडघ्यांवर बसली होती. "तू बोललीस," ती म्हणत होती. "रेणू, तू सगळ्यांसमोर बोललीस."

सगुणाकाकी बाजूला उभ्या होत्या. त्यांना यात काय विशेष ते कळेना. "बोलतली नाय तर काय?" त्या म्हणाल्या. "माज्याकडे तर रोज बोलता."

"रोज?"

"पावसापासून. शाळेतसून इली की येता, कोंबयांक खाणा घालता, आणि बोलता. तोंड म्हणान बंद नसता. आदी कोंबयांकडे बोला होती, मगे माज्याकडे."

"आम्हाला सांगितलं नाहीत, काकी?" मी म्हणालो.

"तुमका म्हायत नाय?" काकींना खरोखर आश्चर्य वाटलं होतं. "तुमी पेपरात लिवलास मगे. पाखरांची भाषा बोलता म्हणान. गुरुजीनी वाचून दाखवल्यानी. मी म्हटलंय, बघ, बापाचा ध्यान आसा."

तीस पावलं! सहा महिने मी तीस पावलांवरच्या घटनेबद्दल काहीही माहीत नसताना तिची बातमी छापली होती, आणि ती खरी निघाली होती. पत्रकारितेत याला काय म्हणतात ते मला माहीत नाही. कोणी तसं करून पकडलं गेल्याचं मी ऐकलेलं नाही.

पण देवाने नाही म्हटलं होतं ते म्हटलंच होतं. कौल दिवसातून एकदाच. पुढचा सोमवारी सकाळी. आणि त्याआधी आणखी एक सात वाजायचे होते.

"दिवो परत पेटतलो," कोणीतरी म्हणालं.

"मी जातो," मी म्हणालो. "बंद करून येतो. जो काही दोष असेल तो माझ्यावर."

"गावात कोणी जावचा नाय," तात्या म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण हसणं संपलं होतं. "देवाक सांगलाव. आता देव बघता."

दुपार नेहमीसारखी गेली. ऊन कडक पडलं आणि सगळे व्हाळावर उतरले. पुरुष मासे पकडत होते, बायका कपडे धूत होत्या, मुलं पाण्यात. साडेपाचच्या सुमारास मी खोपीत परतलो तेव्हा रेणूचा फ्रॉक कमरेपर्यंत ओला होता. शलाकाची सलवार झुडपावर वाळत होती. तात्या पंचा पिळत होते. काकींच्या लुगड्याचे काठ चिखलाने भरले होते. हे सगळं मी तेव्हा नुसतं पाहिलं. नोंद नंतर केली.

सात वाजायला पाच मिनिटं असताना माळाच्या कडेला सगळं गाव येऊन बसलं. कोणी बोलवलं नव्हतं. माझ्या हातात घड्याळ होतं. सात वाजले. सात वाजून एक मिनिट. सात वाजून पाच.

पलीकडचा उतार काळा राहिला. डोंगरामागच्या दुसऱ्या गावाचे दिवे नेहमीप्रमाणे दिसत होते, म्हणजे वीज गेली नव्हती.

तात्यांनी हात जोडले. मग एकेकाने. माझ्या डाव्या बाजूला शलाका होती, उजवीकडे रेणू. रेणूने हात जोडले नव्हते. तिच्या मांडीवर टोपली होती आणि ती टोपलीच्या फटीतून आत पाहत होती. पहिलं अंडं तडकलं होतं.

सोमवारी उजवा दाणा पडला. बाळंतीण सगळ्यांच्या पुढे गेली. आम्ही घरी पोचलो आणि मी घाईने पडवीत शिरलो. शेणाने सारवलेल्या जमिनीवर कोणाच्या पावलांचे ठसे असले तर ते मी स्वतःच्या पायांनी पुसून टाकले, हे पडवीच्या टोकाला पोचल्यावर लक्षात आलं. छत्र्या बाजूला केल्या. प्लगचं बटण बंद होतं. टायमर थांबला होता. ही तबकडी विजेवर फिरते. वीज तोडली की असेल तिथे थांबते. ती साडेचार आणि पावणेपाच यांच्या मधल्या रेघेवर थांबली होती.

म्हणजे रविवारी दुपारी चार चाळीसच्या आसपास कोणीतरी शीव ओलांडून गावात गेलं, आमच्या पडवीत आलं, छत्र्यांच्या मागे हात घातला आणि बटण बंद करून परत आलं. इतकं निश्चित आहे.

मी तात्यांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं.

"देवान बंद केल्यान," ते म्हणाले.

"तात्या, चार चाळीसला?"

"देवाक घड्याळ नसता, पेपरवाल्यानू."

"शिवेवर कोण बसलं होतं तेव्हा?"

"मीच होतंय."

"मग कोणी जाताना दिसलं नाही?"

"माका दुपारची झोप येता," तात्या म्हणाले आणि सुपारी पुढे केली.

शलाकाला विचारलं तर ती म्हणाली, "तू गेला नाहीस एवढं मला माहीत आहे." काकी म्हणाल्या, पिल्लं आठ निघाली, एक अंडं वाया गेलं. त्या पंधरवड्याच्या सदरात मी कोंबडीवर आठशे शब्द लिहिले. दिव्याचा उल्लेख केला नाही. एकतीस डिसेंबर आला आणि गेला. मुदतवाढीबद्दल शलाका काही बोलली नाही आणि मी विचारलं नाही. जानेवारीत गुरुजींनी निरोप पाठवला की रेणू वर्गात फार बोलते, जरा समज द्या.

याला पंधरा वर्षं झाली. त्यानंतर पाच गावपळणी झाल्या. प्रत्येक वेळी मी मेन स्विच खाली करतो. काकी दोन वर्षांपूर्वी गेल्या. तात्यांना आता कमी ऐकू येतं, विशेषतः मी विचारतो तेव्हा. अमोघ शेती शिकतो आहे. रेणू पुण्यात असते. वकिलीचं शेवटचं वर्ष. ज्या शहरातून मी तिला माती कळावी म्हणून आणलं, तिथेच.

पाचवी गावपळण गेल्या महिन्यात झाली. रेणू सुट्टी काढून आली. पहिल्या संध्याकाळी आम्ही दोघं माळाच्या कडेला बसलो. समोर गाव अंधारात होतं. माझ्या घड्याळात सात वाजले.

"त्या रविवारी बटण कोणी बंद केलं असेल?" मी विचारलं. दर तीन वर्षांनी मी हे कोणाला ना कोणाला विचारतो.

"माका म्हायत आसा," रेणू म्हणाली.

मी वळलो. "कोणी?"

"सांगूचा नाय असा सांगितल्यानी. मी शब्द दिलंय."

"सांगितलं म्हणजे दुसऱ्या कोणीतरी. म्हणजे तू नाहीस."

"असा मी खय म्हटलंय?"

"मग तुम्ही दोघं होतात?"

"बाबा," ती म्हणाली, "तू वस्तुस्थिती तपास."

ती सोमवारी सकाळी परत गेली. त्यानंतर मी तीनदा फोन केला. तिने अजून सांगितलेलं नाही.